इंगरचा आवाज

मार्गितबाईंच्या घरी दिवस उजाडायचा तो परातीच्या आवाजाने. आठवड्यातून दोनदा बाई स्वतः पाव करायच्या आणि मैदा मळताना परात ओट्यावर अशा आपटायच्या की त्यांच्याकडे राहून शिकणाऱ्या आम्ही सातही मुली अंथरुणात उठून बसायचो. पत्र्याच्या जुन्या डब्याची त्यांनी भट्टी केली होती, खाली निखारे, वर निखारे. पाव फुगायला लागला की त्यात घातलेल्या दालचिनीचा वास मागच्या सागाच्या रानापर्यंत जायचा. दुसऱ्या चुलीवर कमळीमावशी आमच्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या भाजायची. मावशी घरात स्वयंपाकाला होती आणि बाईंच्या पावावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "ह्यानं पोट नाय भरायचं गो," असं ती दर खेपेला म्हणायची आणि शेवटचा तुकडा हमखास तिच्याच तोंडात जायचा.

शहापूरहून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपून झाडी सुरू होते तिथे ते कौलारू घर होतं. आमचा पाडा डोळखांबच्याही पुढे, डोंगरात. तिथून शाळेला रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून आठवीत असताना वडिलांनी मला बाईंकडे आणून ठेवलं. ते कसाऱ्याला रेल्वेत कामाला होते. मला सोडताना बाईंच्या देखत म्हणाले, "सुलू, शिक. पण देव बदलू नको." मला लाजेने मेल्यासारखं झालं. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "दादा, मी शिवण शिकवते आणि इंग्रजी शिकवते. देवाचं तिचं ती बघेल." त्या रोज सकाळी खिडकीपाशी बसून आपली प्रार्थना म्हणत. दार उघडं असे, ज्याला बसायचं त्याने बसावं. मी कधीकधी बसायचे, ते गाण्यासाठी. त्यापलीकडे काही झालं नाही. गावात पुष्कळ बोललं जायचं, पण मी पाहिलं ते एवढंच.

बाई नॉर्वेच्या. तरुणपणी मिशनच्या कामासाठी आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी आधी पुस्तकातून शिकल्या आणि मग आमच्या बायकांकडून, त्यामुळे एकाच वाक्यात "कृपया" आणि "नाय गो" दोन्ही यायचं. दर गुरुवारी एसटीने मुरबाडला जायच्या. तिथे एका खोलीत बायका शिवण आणि अक्षरं शिकायला जमायच्या. सुट्टीत मीही बरोबर जायचे. माणसांची त्यांना फार हौस. कुणी चहाला बोलावलं आणि त्या गेल्या नाहीत, असं झालं नाही. लग्नाच्या पंगतीत ते लांबलचक पाय दुमडून बसताना त्यांचे फार हाल व्हायचे, तरी खुर्ची घ्यायच्या नाहीत. एका संक्रांतीला पाटलांच्या घरी हळदीकुंकू होतं. बाईंना बोलवावं की नाही यावर बायकांत चर्चा झाली, कारण त्या बिनलग्नाच्या आणि वेगळ्या धर्माच्या. शेवटी घरातल्या जनाआत्या म्हणाल्या, "मी विधवा मागल्या खोलीत बसतेच, तिला माझ्यापाशी बसवा." त्या दोघी मागच्या खोलीत तिळाचे लाडू खात बसल्या आणि इतक्या हसल्या की पुढच्या खोलीतल्या सवाष्णी उठून त्यांच्याकडे गेल्या. तेव्हापासून जनाआत्या दर रविवारी दुपारी बाईंकडे चहाला येऊ लागल्या.

अशाच एखाद्या रविवारी, महिन्यातून एकदा, इंगर बोलायची. इंगर ही बाईंची धाकटी बहीण. आईवडिलांच्या घरात ती एकटीच राहायची. पत्र लिहायचा तिला कंटाळा, म्हणून ती कॅसेटवर बोलून ती कॅसेट पोस्टाने पाठवायची. आता माझी नात फोनवर साता समुद्रापलीकडच्या माणसाचं तोंड बघत बोलते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. आम्हाला त्या काळ्या टेपरेकॉर्डरमधून परक्या देशातली बाई खाकरली तरी अंगावर शहारा यायचा. इंगर बोलायची, बाई मधेमधे थांबवून आम्हाला मराठीत सांगायच्या, आणि मग आमचे निरोप दुसऱ्या कॅसेटवर भरून पाठवायच्या. बोलता बोलता इंगर सारखी "या, या" म्हणायची. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ "हो, हो", "बरं, बरं". निरोप घेताना ती "ताक" म्हणायची, म्हणजे आभार. जनाआत्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "बाय, तुझी बहीण मोठी अगत्याची गो. सारखी या या करते नि शेवटाला ताक मागते." जना हे नाव इंगरला जमायचं नाही. ती त्यांना "याना" म्हणायची आणि दर कॅसेटमध्ये त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची.

मी दहावीत होते त्या पावसाळ्यात एका मंगळवारी तार आली. इंगर गेली होती. घरातच गेली, दोन दिवसांनी शेजाऱ्याला कळलं, एवढंच त्या तारेवरून समजलं. बाईंनी तार घडी करून शिवणाच्या पेटीत ठेवली आणि आम्हाला काजं करायला शिकवत होत्या ते पुढे शिकवत राहिल्या. आम्हा मुलींना रडावं की नाही ते कळेना.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी पोस्टमन बाळूतात्या फाटकात उभे राहिले. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. त्यांनी पाकीट एका कोपऱ्याला धरलं होतं. म्हणाले, "बाय, ह्ये अक्षर तुमच्या बहिणीचंच ना?"

बाईंनी शिक्का पाहिला. "जाण्याआधी टाकलेलं आहे, तात्या. टपालाला वेळ लागतो."

ते आम्हा सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. पण रविवारी दुपारी तीन वाजता, बायका दुःखाला म्हणून बसलेल्या असताना बाईंनी बटण दाबलं आणि इंगर नेहमीसारखी हसत खोलीत आली, तेव्हा त्या पटण्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. कपातला चहा तसाच राहिला. इंगरला सर्दी झालेली होती. सफरचंदाच्या झाडाबद्दल ती काही सांगत होती. मग तिने विचारलं ते मला भाषा न येताही कळलं, कारण त्यात "याना" होतं. बाई सवयीने म्हणाल्या, "ती विचारते, जनाआत्याचा गुडघा कसा आहे."

बाईंनी जनाआत्यांकडे पाहिलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "गेलेल्या माणसाला ओ देऊ नये गो, बाय. तू पण देऊ नको." तेवढ्यात कॅसेट संपत आली होती. शेवटी एक सुस्कारा ऐकू आला आणि मग दमलेल्या आवाजात, "या… या, मार्गित."

इतकी वर्षं आम्ही ज्याला हसलो होतो तेच शब्द होते. त्या दुपारी कुणी हसलं नाही. बायका एकेक करून चपला घालून निघून गेल्या.

दुसरी कॅसेट आली तेव्हा बाईंच्या अंगात ताप होता. त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. मी आणि कमळीमावशी दाराशी उभ्या राहून ऐकत होतो. या वेळी इंगर हसली नाही. ती हळू आवाजात, थांबत थांबत बराच वेळ बोलली. बाईंनी आम्हाला एक शब्दही सांगितला नाही. कॅसेट थांबल्यावर त्यांनी टेपरेकॉर्डरवर भरतकामाचा रुमाल टाकला आणि जाऊन पडल्या.

ताप वाढत गेला. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. शाळेतून परतले की मी बाईंच्या खोलीबाहेर बसायचे. बाहेर संततधार, घरात दिवसाढवळ्या दिवा लावावा असा काळोख, आणि आतून बाईंचं बोलणं. त्या त्यांच्या भाषेत बरळत होत्या. एका दुपारी मी नीट कान देऊन ऐकलं. आत दोन आवाज होते. एक जाड, बाईंचा. तो विचारायचा आणि थांबायचा. मग दुसरा, बारीक, सर्दी झाल्यासारखा, उत्तर द्यायचा. मधूनच दोन्ही हसायचे. मी दार ढकललं. बाई एकट्याच होत्या, उताण्या, डोळे उघडे, छताकडे. मला पाहिल्यावर त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "या." मला बोलावलं की हो म्हणाल्या, ते मला आजही सांगता येणार नाही. मी दार ओढून घेतलं आणि मावशीपाशी जाऊन बसले. पुढे मी नर्स झाले, तापात माणसं काय काय बोलतात ते पुष्कळ ऐकलं. पण ती दुपार त्यात बसत नाही.

तिसरं पाकीट माझ्याच हातात पडलं. बाळूतात्या फाटकाच्या आतसुद्धा आले नाहीत. "तूच घे गो पोरी," म्हणाले आणि सायकल वळवून गेले. मी ते पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले. जनाआत्या तिथेच होत्या, बाईंसाठी पेज घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं आणि खाली बसल्या.

"दोनदा बोलावून झालं तिचं," त्या म्हणाल्या. "बायनं आता ह्ये ऐकलं तर ती उठायची नाय. टाक नदीत."

"पण त्यांचं आहे ते, आत्या."

"बायचं हाय म्हणूनच सांगते. मी काय बायच्या वाईटावर हाय?"

कमळीमावशीने नुसती चुलीतली लाकडं मागे ओढली. नदीपर्यंत जायचा मला धीर झाला नाही. आणि पाकिटावर त्या तिरप्या अक्षरात बाईंचं नाव होतं, तेही पाण्यात टाकवेना. मी पाकीट नाचणीच्या पत्र्याच्या पिंपात खोल खुपसलं आणि वरून दाणे सारखे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा ताप उतरला. त्यांनी पेज मागून घेतली. जनाआत्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्या नजरेने मी त्या गुपितात आणखी घट्ट बांधली गेले.

बाई चार दिवसांत हिंडू लागल्या. पण टपालाची वेळ झाली की फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या, छत्री घेऊन. बाळूतात्यांना वाटत होतं की पाकीट बाईंना मिळालं, आणि बाई त्यांना काही विचारत नव्हत्या. तात्या नुसती मान हलवून पुढे जायचे. शिकवताना बाईंचं लक्ष नसायचं. पाव करायचंही त्यांनी सोडलं. मुरबाडचा गुरुवार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चुकवला. ताटात नाचणीची भाकरी आली की मी ती अर्धी टाकून उठायचे.

शेवटी एकदा मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बाई, कशाची वाट बघता?"

"इंगरची," त्या म्हणाल्या. मी दचकले ते त्यांना कळलं असावं. त्यांनी मला छत्रीत घेतलं आणि सगळं सांगितलं. त्या इकडे निघाल्या तेव्हा त्यांची आई आजारी होती. तिचं सगळं इंगरवर टाकून त्या आल्या होत्या. आई गेली त्या दिवशी काय झालं, ती काय म्हणाली, हे इंगरने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. बाईंनी कधी विचारलं नव्हतं. "दुसऱ्या कॅसेटमध्ये ती म्हणाली, मार्गित, मी तुला आईचं ते सांगणार आहे. आज शब्द सापडत नाहीत. पुढच्या वेळी सांगते." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "म्हणजे अजून एक यायला हवी ना, सुलू? ती बोलली असेल तर ती वाटेत असेल."

मी तिथेच चिखलात बसून रडायला लागले. मग उठले आणि त्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. पिंपात दंडापर्यंत हात घालून पाकीट बाहेर काढलं. त्यावर नाचणीची धूळ बसली होती. बाईंनी ती पदराने पुसावी तशी फ्रॉकच्या टोकाने पुसली. मला एकच विचारलं, "किती दिवस?"

"अकरा."

त्या रविवारपर्यंत थांबल्या. जनाआत्यांना मुद्दाम बोलावणं पाठवलं. आत्या आल्या, पण उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसल्या, उठून जाता येईल अशा. बाईंनी नवे सेल घातले आणि बटण दाबलं. या वेळी त्या प्रत्येक वाक्य आम्हाला मराठीत सांगत होत्या, सांगितलं नाही तर त्यांना ते ऐकणं सोसणार नाही असं.

"प्रिय मार्गित… आज सांगते… सकाळपासून मनाशी जुळवलंय… आधी कॉफी ठेवते. तू थांब."

मग पावलं ऐकू आली, लाकडी जमिनीवरची. बाई डोळे मिटून सांगत होत्या. "आमचं स्वयंपाकघर. हा नळ. आता गॅस. ही खिडकी, ती ओली झाली की फुगते, ढकलावी लागते." खिडकी करकरली. दूर कुठेतरी कुत्रा भुंकला. खुर्ची सरकली. मग एक आवाज आला, फार मोठा नाही, कणकेचा गोळा परातीत पडावा तसा. बाईंचं सांगणं थांबलं.

आम्ही वाट बघत राहिलो. टेपरेकॉर्डरची चाकं फिरत होती. ती रिकामी खोली आमच्या खोलीत भरून राहिली होती, तिथलं घड्याळ इथे टिकटिकत होतं. मग एक बारीक शीळ सुरू झाली, ती चढत चढत इतकी मोठी झाली की कमळीमावशीने कानांवर हात ठेवले.

"किटली आहे," बाई कशाबशा म्हणाल्या. "पाणी उकळलं की वाजते."

ती वाजतच राहिली. कुणी पावलं टाकत आलं नाही. किती वेळ, मला सांगता येत नाही. मुलींपैकी एक मुसमुसायला लागली. आणि भिंतीशी बसलेल्या जनाआत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, टेपरेकॉर्डरपाशी आल्या, वाकल्या आणि त्याच्याशी बोलल्या. "अगो उतरवा ना कोणीतरी ते. पोरगी पडलीय तिथं. उतरवा."

बाईंनी आत्यांच्या कमरेला मिठी मारली. तार आल्यापासून त्या पहिल्यांदा रडल्या. पाणी आटत गेलं तशी शीळ बारीक झाली आणि थांबली. नंतरही चाकं फिरत होती. मग बटण आपोआप खट्कन वर आलं.

पाकिटात एक चिठ्ठी होती, शेजाऱ्याची. बाईंनी ती नंतर वाचून दाखवली. त्याने लिहिलं होतं की गॅस चालू होता, किटली जळून काळी झाली होती. टेबलावरच्या यंत्रात कॅसेट होती आणि बाजूला पत्ता लिहून ठेवलेलं पाकीट. "तिला ती पाठवायचीच असणार, म्हणून पाठवतो. मी ऐकलेली नाही," असं शेवटी होतं.

बाई मला रागावल्या नाहीत. ते मला जास्त जड गेलं. पुढे काही दिवसांनी मुरबाडच्या एसटीत मीच विषय काढला, म्हणाले, बाई, मला शिक्षा करा. त्या खिडकीतून भाताच्या खाचरांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तू लपवलंस ते चूक. पण ते अकरा दिवस मला तिचं ऐकायचं बाकी होतं. ते दिवस मला परत दे असं मी तुला म्हणणार नाही. ते चांगले होते." त्यानंतर आम्ही हा विषय कधी काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या घर बंद करायला नॉर्वेला जाऊन आल्या. आम्हाला वाटलं, आता येत नाहीत. दोन महिन्यांनी एकाच बॅगेसह एसटीतून उतरल्या. आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल तिथे त्यांनी जुन्या माणसांना विचारलं होतं, कुणालाच काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्या मुरबाडला गेल्या.

मी नर्सिंग केलं आणि मुरबाडलाच एका दवाखान्यात नोकरीला लागले. लग्न झालं, मुलं झाली. जनाआत्या गेल्या, त्यांना खांदा देणाऱ्यांच्या मागे बाई स्मशानाच्या वाटेपर्यंत चालत गेल्या होत्या. मग बाईच अंथरुणाला खिळल्या. मिशनची माणसं त्यांना मायदेशी न्यायला तयार होती, पण बाईंनी नको म्हटलं. मी रजा काढून शहापूरच्या त्या घरी जाऊन राहिले. त्यांच्या भाषा एकेक करून गळत गेल्या. आधी इंग्रजी गेलं, मग मराठी. शेवटच्या आठवड्यात त्या फक्त आपल्या भाषेत बोलत होत्या, आणि ती भाषा तिथे कुणालाच येत नव्हती.

एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं आणि सांगायला सुरुवात केली. ती बडबड नव्हती. त्या मला काहीतरी नीट, पहिल्यापासून सांगत होत्या. एखाद्या ठिकाणी थांबून शब्द शोधत होत्या, सापडला की पुढे जात होत्या. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, कॅसेटवरच्या इंगरसारखा, तो त्यांचा वाटेना. हात सोडवून उठावं असं वाटलं. पण मी बसून राहिले आणि त्या थांबल्या की "हो" म्हणत राहिले. उन्हाची तिरीप भिंतीवरून जमिनीवर आली तरी त्या बोलतच होत्या. शेवटी त्यांनी एक लांब श्वास घेतला, माझं मनगट सोडलं, आणि डोळे माझ्याकडे वळवून अगदी स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "पाणी दे गो."

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी पाजलं. दोन चमचे त्यांनी घेतले.